गाडी तीच, रकाना वेगळा

टायरच्या कारखान्याने साहेबांसाठी मोटार घेतली, तर ती रक्कम रोख प्रवाह पत्रकात 'गुंतवणूक' या रकान्यात जाते. शोरूमवाल्याने तीच मोटार विकायला घेतली, तर 'कामकाज' या रकान्यात. आणि मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीचा दोन-तीन वर्षं फिरवून गाडी विकून टाकायचा शिरस्ता असेल, तर ताळेबंदात ती स्थिर मालमत्ता असूनही तिची खरेदी आणि विक्री दोन्ही कामकाजातच. 'स्थिर मालमत्ता घेतली की गुंतवणूक' हे समीकरण आयएएस 7 या आंतरराष्ट्रीय मानकाला सरसकट मान्य नाही. पैसा कशापायी हलला, हे ते विचारतं.

पुढे फायदा देणारा प्रत्येक खर्च गुंतवणूकच, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण ज्या खर्चातून ताळेबंदात मालमत्ता उभी राहते, तेवढाच तिथे दाखवता येतो. कामगारांचं प्रशिक्षण, जाहिरात हे सगळं कामकाजात.

जुनं यंत्र विकल्यावर होणारा घोळ तर ठरलेला. पुस्तकी किंमत 6 लाख, हाती आले 8 लाख. नवखा हिशेबनीस 2 लाखांचा नफा कामकाजात ठेवतो, 6 लाख गुंतवणुकीत. बेरीज जुळते, म्हणून खपूनही जातं. खरं तर पूर्ण 8 लाख गुंतवणुकीत जायला हवेत. मांडणीची सुरुवात नफ्यापासून केली असेल, तर ते 2 लाख तिथून वजा करायचे.

वर्षाच्या एफडीची मुदत संपायला दोन महिने उरले, म्हणून ती रोखसमान, म्हणजे रोकडीतच धरण्याजोगी, होत नाही. तीन महिन्यांची साधारण मर्यादा ठेव केल्या दिवसापासून मोजतात.

'कामकाजातली रोकड भरपूर, म्हणजे धंदा ठणठणीत' हा समज मात्र महागात पडणारा. ब्रिटनची बांधकाम कंपनी कॅरिलियन जानेवारी 2018 मध्ये बुडाली. तिच्या पुरवठादारांना बँक लवकर पैसे द्यायची, कंपनी बँकेला सावकाश. ही देणी कर्जात न दाखवल्यामुळे कर्ज कमी आणि कामकाजातली रोकड बरी दिसत राहिली. आयएएस 7 मधल्या दुरुस्तीमुळे 2024 पासून अशा व्यवस्थांची माहिती टिपांमध्ये उघड करणं बंधनकारक झालं. पैसे कोणत्या रकान्यात टाकायचे, हे त्या दुरुस्तीनेही सांगितलेलं नाही. हे मला अर्धवटच वाटतं.

शेवटचा गैरसमज व्याजाचा. भरलेलं व्याज सगळीकडे एकाच रकान्यात असतं, असं धरून लोक कंपन्यांची तुलना करतात. आयएएस 7 ते कामकाजात किंवा वित्तपुरवठ्यात दाखवायची मुभा देतं. आपल्याकडच्या इंड एएस 7 ने बँका-वित्तसंस्था सोडून इतरांची ती मुभा काढून घेतली: भरलेलं व्याज वित्तपुरवठ्यात, मिळालेलं व्याज आणि लाभांश गुंतवणुकीत. म्हणून 40 कोटी व्याज भरणाऱ्या पुण्याच्या कारखान्याची कामकाजातली रोकड, व्याज कामकाजात दाखवणाऱ्या परदेशी स्पर्धकाच्या शेजारी ठेवली की फुगलेली दिसते. तुलनेआधी ते 40 कोटी वजा करावेत.

1 जानेवारी 2027 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना आयएफआरएस 18 हे नवं आंतरराष्ट्रीय मानक लागू होईल आणि परदेशातल्या सर्वसाधारण कंपन्यांचीही ही मुभा संपेल. तुलनेसाठी मागच्या वर्षाचे आकडेही नव्याने मांडावे लागतील. त्यामुळे आज व्याज कामकाजात दाखवणाऱ्या कंपनीच्या 2027 च्या अहवालात 2026 ची कामकाजातली रोकड वाढलेली दिसेल, तिजोरीत एक पैही जास्त न येता.