हरवले नव्हे, हिसकावले!

रस्त्यात मोबाइल, पर्स किंवा सोनसाखळी गेली, तर ती कशी गेली यावर पुढची सगळी कारवाई ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नकळत खिसा कापणे ही कलम ३०३ खालील चोरी आहे. झडप घालून वस्तू ओढून नेली, तर कलम ३०४ लागते. त्यासाठी मारहाण केली किंवा चाकूचा धाक दाखवला, तर ती कलम ३०९ खालील जबरी चोरी होते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हिसकावण्याला किमतीची अशी अट नाही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे.

घटना घडताच ११२ वर फोन करावा. मोबाइल गेला असेल तर सिम, बँकेची कार्डे आणि यूपीआय लगेच बंद करून घ्यावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० वर कळवावे.

त्यानंतर पोलीस ठाणे गाठावे. हद्द कोणाची, हा वाद फिर्यादीच्या आड येऊ शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. वस्तू हिसकावली गेली असताना केवळ ‘गहाळ’ झाल्याचा दाखला घेऊन परतू नये. त्यावर सिमकार्ड नवे मिळेल, पण चोराचा तपास होणार नाही. जबाबात वेळ, जागा, बसलेला हिसका, चोरांचे वर्णन, गाडीचा नंबर, वस्तूची किंमत आणि मोबाइलचा आयएमईआय क्रमांक यावा. जबाब वाचून मगच सही करावी. एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि तो फिर्यादीचा हक्क आहे.

ठाण्याने नोंद नाकारली, तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तक्रारीची प्रत हाती आली की ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक ब्लॉक करावा. असा मोबाइल देशातील कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. तो परत मिळाला, तर तेथूनच अनब्लॉक करता येतो. तपासात काय प्रगती झाली, हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवणे बंधनकारक आहे.

चोरीचा माल सापडला तरी तो मुद्देमाल म्हणून जप्त असतो. तो परत मिळवण्यासाठी मालकीचा पुरावा जोडून न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुद्देमाल वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहू नये, पंचनामा करून, छायाचित्रे काढून आणि बंधपत्र घेऊन तो मालकाला लवकर द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितले आहे. खरेदीचे बिल आणि मोबाइलचे खोके जपून ठेवण्याचा खरा उपयोग या टप्प्यावर होतो.