बाळ पालथे पडते तेव्हा

परेड ग्राउंडवर आमच्या ड्रिल उस्तादांना चाळीस कदमांवरूनही चूक दिसते. नव्या कॅडेटचा उजवा हात उजव्या पायाबरोबरच पुढे गेला, की ते लगेच त्याचा नंबर पुकारतात. सहावीत मला ही जादू वाटायची. एकदा त्यांनीच सांगितले, "मी चेहरे बघत नाही, चाल बघतो." हा लेख अशाच बघण्याविषयी आहे. फक्त इथे स्क्वाडच्या जागी सहा महिन्यांचे बाळ आहे.

बडोद्याला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे, हे तो पाच वर्षांचा झाल्यावर कळले. त्याआधी दोन वर्षे मावशी एका दवाखान्यात त्याला नेत होती. "मुलगे उशिराच बोलतात, थांबा," एवढेच उत्तर मिळायचे. घरातल्या मोठ्यांचेही तेच मत होते. स्वमग्नता हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही. मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते, आणि त्याचा परिणाम बोलण्यावर, नजर मिळवण्यावर, खेळण्यावर होतो. तिच्यासाठी रक्ताची तपासणी नाही. मूल कसे वागते, हे पाहून डॉक्टर ठरवतात, आणि तसे वागणे नीट दिसायला मूल निदान दीड-दोन वर्षांचे व्हावे लागते. बोलण्याची आणि खेळण्याची शिकवणी जितकी लवकर सुरू होईल तितका उपयोग जास्त, म्हणून ती दोन वर्षे मावशीला अजून टोचतात.

पण बाळ बोलण्याच्या कितीतरी आधी हलते. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांवर निबंध लिहिला. स्वमग्नतेचे वर्णन म्हणून तो आजही गाजलेला आहे. उचलून घ्यायला कोणी वाकले, की बाळ आपोआप अंग सावरून तयार होते. यातली काही मुले तान्ही असताना तशी तयारच होत नसत, असे त्यात नोंदलेले आहे.

पुढे फ्लोरिडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फिलिप टायटेलबॉम यांनी एक साधी युक्ती केली. ज्यांच्या मुलांना नंतर स्वमग्नता असल्याचे कळले, अशा पालकांकडून त्यांनी मुलांच्या तान्हेपणाचे घरगुती व्हिडिओ मागवले. असे १७ मुलांचे व्हिडिओ त्यांनी इतर १५ बाळांच्या व्हिडिओंशी ताडून पाहिले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले.

नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही, म्हणून त्यांनी हालचाल कागदावर लिहिण्याची एक लिपी वापरली. नोआ एश्कोल आणि अव्राहम वाखमन यांनी ती इस्राएलमध्ये १९५८ मध्ये मांडली होती, तीही नृत्यासाठी! गाण्याचे जसे स्वरलेखन असते तसेच हे. शरीराच्या प्रत्येक भागाला एक आडवी ओळ, आणि डावीकडून उजवीकडे सरकणारी वेळ. प्रत्येक अवयव आपल्या सांध्याभोवती किती फिरला, ते आकड्यात लिहायचे. त्यात साधारणपणे ४५ अंशांचा एक घटक धरतात. म्हणजे आपले 'आधा दाहिने मुड' हा एक घटक आणि 'दाहिने मुड' हे दोन. हे वाचल्यावर मला ती लिपी एकदम ओळखीची वाटली.

त्यांना काय दिसले? बाळ पालथे पडताना आधी डोके वळते, मग खांदे, मग कंबर, जणू पिळाचा स्क्रू फिरतो आहे. यातली काही बाळे मात्र सगळे अंग एकदमच फिरवत. काही बसलेली असताना कलंडली, तर हात टेकवून सावरत नसत, ओंडक्यासारखी पडत. काहींच्या रांगण्यात डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ नव्हता. यातले काही फरक चार ते सहा महिन्यांतच दिसत होते.

इथेच थांबलो तर लेख छान संपेल, पण तो अर्धा खोटा होईल. २००८ मध्ये सॅली ओझोनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा घरगुती व्हिडिओ तपासले, आणि या वेळी ज्यांची वाढ वेगळ्या कारणाने मंद होती अशी मुलेही तुलनेला घेतली. तेव्हा हे फरक फक्त स्वमग्नतेचे ठरले नाहीत. म्हणजे हालचालीतला फरक 'या बाळाकडे नीट लक्ष द्या' एवढे सांगतो, नाव सांगत नाही. उस्तादांनाही लंगडणारा दिसतो. पाय मुरगळला की बूट चावतो, ते बूट काढल्यावरच कळते.

आता हे पाहण्याचे काम यंत्रेही करू लागली आहेत. २०१६ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या ८२ मुलांना टॅबलेटवर खेळ दिले गेले. त्यातल्या ३७ जणांना स्वमग्नता होती. बोट कसे फिरते आणि टॅबलेटला किती धक्का बसतो, यावरून संगणकाने दोन गट बऱ्याच अचूकपणे वेगळे केले. दिल्लीतही टॅबलेटवर असा प्रयोग झाला, आणि तो घेणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. मला हे सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण बालविकासाचे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच भेटतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी बडोद्याला मावसभावाचे जुने व्हिडिओ पाहिले. सात महिन्यांचा असताना तो गादीवर कलंडतो, हात पुढे येत नाही. मला वाटले, सापडले! मग बाबांनी माझा तेवढ्याच वयाचा व्हिडिओ लावला. मीही तस्साच पडलो होतो, वर हसत होतो.

"मग तेव्हा कळलं असतं का रे?" मावशीने विचारले.

"एका व्हिडिओवरून नाही गं," मी म्हणालो.

ती उठून आतून एक वही घेऊन आली. मान कधी धरली, पालथा कधी पडला, रांगायला कधी लागला, सगळे तारखेनिशी लिहिलेले होते. "दर वेळी पिशवीत घालून नेत होते," ती म्हणाली, "कुणी मागितलीच नाही."