पावभट्टी
पावभट्टी : पाव, बिस्किटे, नानकटाई इ. पदार्थ भाजण्यासाठी विटांनी बांधलेली, घुमटाकार छताची व लाकडाच्या सरपणावर तापविली जाणारी बंदिस्त भट्टी. चुलीवर पदार्थ शिजत असताना त्याखाली जाळ चालू असावा लागतो. पावभट्टीत मात्र जाळ आधी करतात, त्याची उष्णता विटांत साठवितात आणि निखारे बाजूस सारून किंवा बाहेर ओढून त्या साठलेल्या उष्णतेवर पदार्थ भाजतात. तंदूर ही हिची जवळची, पण निराळी भट्टी होय. तिच्यात विस्तव तळाशी राहतो व रोटी आतील उभ्या भिंतीला थापतात.

इतिहास : बंदिस्त भट्टीत धान्याच्या पिठाचे पदार्थ भाजण्याची पद्धत फार जुनी आहे. राजस्थानातील कालीबंगा येथील उत्खननात तंदुरासारख्या भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात विटांच्या घुमटाकार भट्ट्या आणि त्यांत भाजलेले, जळून कोळसा झालेले पावही मिळाले. आजच्या लाकडी भट्टीची रचना त्या भट्ट्यांहून मूलतः वेगळी नाही.

दख्खनच्या पठारावरील घरगुती स्वयंपाकात मात्र अशी भट्टी रुजली नाही. येथील मुख्य अन्न ज्वारी व बाजरी यांची भाकरी होय. या धान्यांत गव्हाप्रमाणे ग्लुटेन तयार होत नसल्याने त्यांचे पीठ फुगवून जाड पाव करता येत नाही. पातळ भाकरी तव्यावर थोड्याशा जळणात भाजून होते. सरपण दुर्मिळ असलेल्या प्रदेशास हीच पद्धत सोयीची ठरली. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावांतून घरोघर चूल आणि तवाच दिसतो. याच जिल्ह्यात भट्टीची परंपरा आहे ती ‘नान-खलिया’ या प्रसिद्ध भोजनप्रकारामुळे. खलिया हा मांसाचा मसालेदार रस्सा असून त्याबरोबरची नान तंदुरात भाजतात. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून दौलताबादेस राजधानी हलविली, त्या काळाशी या पदार्थाचा संबंध परंपरेने जोडला जातो. मोठ्या समुदायास एकाच वेळी जेवू घालण्याचा हा प्रकार आहे. एकदा तापविलेल्या भट्टीवर शेकडो नान निघतात. हेच भट्टीच्या उपयोगाचे मर्म होय.

पावभट्टीचा प्रसार भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांमुळे झाला. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. गोव्यात पाव करणाऱ्यास ‘पदेर’ (पोदेर) म्हणतात व साष्टीतील माजोर्डे गावाशी या व्यवसायाचा आरंभ जोडतात. यीस्टऐवजी माडाची सूर घालून पीठ आंबविण्याची युक्ती तेथे रूढ झाली. उंडो, कोंडायुक्त पोळी (पोय), काकण, कात्रो पाव हे तेथील प्रकार. मुंबईत इराणी व इतर बेकरीवाल्यांनी लाकडी भट्ट्या चालविल्या आणि पाव हे कामगारवर्गाचे रोजचे अन्न बनले.

रचना : परसातील लहान भट्टीचा आतील व्यास साधारणतः ८० ते १०० सेंमी. ठेवतात. मराठवाड्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा जमिनीवर वरवर बांधलेली भट्टी पहिल्या दोन ऋतूंतच तडकते. म्हणून मुरूम लागेपर्यंत किंवा निदान काळ्या मातीचा वरचा थर काढून पाया घालतात, तो मुरूम व दगडगोट्यांनी भरून ठोकतात आणि त्यावर कमरेइतक्या उंचीचा ओटा बांधतात. ओट्यावर राख किंवा विटांचा चुरा यांचा उष्णतारोधक थर देऊन त्यावर वाळू पसरतात. तळाच्या विटा या वाळूवर गाऱ्याविना, एकमेकींस घट्ट भिडवून बसवितात. एखादी वीट फुटली तर ती बदलता येते.

घुमटासाठी ओल्या वाळूचा ढीग रचून त्याला हव्या त्या आकाराचा करतात, त्यावर ओला कागद लावतात व भोवती विटा रचतात. बांधकाम घट्ट झाल्यावर वाळू मुखातून काढून घेतात. जोडकामास चिकणमाती व वाळू यांचा गारा वापरतात. आतील अस्तरात साधा सिमेंटचा गिलावा टाळतात, कारण सु. ४००° से.च्या वर सिमेंटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइडातील पाणी निघून जाऊ लागते व जोड ढिले होतात. उच्चतापसह विटा उत्तम, परंतु चांगल्या भाजलेल्या साध्या विटाही घरगुती भट्टीस चालतात. घुमटाबाहेर सु. १० सेंमी. जाडीचे माती व भुसा यांचे आवरण देतात.

मुखाची उंची ही रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब होय. मुखाच्या खालच्या भागातून थंड हवा आत शिरते व वरच्या भागातून धूर बाहेर पडतो. मुख फार उंच झाल्यास उष्णता निसटते, फार बुटके झाल्यास धूर कोंडून जाळ विझू लागतो. म्हणून मुखाची उंची घुमटाच्या आतील उंचीच्या सु. ६३ टक्के ठेवण्याचा संकेत आहे. उदा., घुमट ४० सेंमी. उंच असल्यास मुख २५ सेंमी. धुराडे घुमटाच्या माथ्यावर न ठेवता मुखाच्या बाहेर, वरच्या बाजूस बसवितात.

नवी भट्टी लगेच पेटविणे धोक्याचे असते. विटा व गारा यांत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन घुमट फुटू शकतो. एक-दोन आठवडे सावलीत वाळल्यावर पाच-सहा दिवस रोज थोडा थोडा वाढता जाळ देतात.

कार्य : जाळाच्या आरंभी घुमट काजळीने काळा होतो. विटांचे तापमान सु. ३५० ते ४००° से. झाल्यावर ती काजळी जळून जाते व विटा पांढुरक्या दिसतात. ही भट्टी तापल्याची खूण होय. नंतर निखारे काढून तळ ओल्या फडक्याने पुसतात व मुख झाकून उष्णता सर्वत्र सारखी होऊ देतात. पदार्थास तळातून वहनाने, घुमटापासून प्रारणाने आणि आतील हवेच्या अभिसरणाने उष्णता मिळते. पिठातील पाण्याची वाफ बंद भट्टीत कोंडली गेल्याने पावाची साल लवकर कडक होत नाही व तो नीट फुगतो. गाभ्याचे तापमान सु. ९५° से. झाले म्हणजे पाव भाजला असे समजतात.

उतरत्या तापाचा क्रमाने उपयोग करणे हे भट्टीवाल्याचे खरे कौशल्य होय. प्रथम पातळ रोट्या, सु. २२०° से.ला पाव, नंतर बिस्किटे व नानकटाई, त्यानंतर मंद आचेवर मडक्यातील डाळ किंवा मांस आणि अखेरीस दुसऱ्या दिवशीचे सरपण वाळविणे असा क्रम ठेवता येतो.

जळण व आर्थिक बाजू : ५०० किग्रॅ. वजनाच्या विटांचे तापमान ३००° से.ने वाढविण्यास सु. १२६ मेगॅजूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या १ किग्रॅ.पासून सु. १६ मेगॅजूल उष्णता मिळते. सर्व उष्णता विटांत शिरली, तरी ८ किग्रॅ. लाकूड लागेल. प्रत्यक्षात धुराबरोबर बरीच उष्णता जात असल्याने याच्या दुपटीहून अधिक जळते. चार माणसांच्या जेवणासाठी एवढे जळण परवडत नाही. वाड्यातील किंवा आळीतील अनेक कुटुंबांनी एकाच दिवशी भट्टी वापरल्यास मात्र दर पावामागे पडणारे लाकूड अत्यल्प होते. बाभळीचे जड, निदान सहा महिने वाळलेले लाकूड चांगले. ओले, रंग दिलेले किंवा रसायनांत मुरविलेले लाकूड जाळू नये.

लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड वायू आरोग्यास घातक असतात, म्हणून भट्टी नेहमी उघड्यावर व घराच्या खिडक्यांपासून दूर बांधतात. दाट वस्तीच्या शहरांत हा प्रश्न तीव्र झाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी शहरातील लाकूड व कोळशावरील बेकरी-भट्ट्या सहा महिन्यांत वायू किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. बेकरीवाल्यांपुढे नव्या भट्टीचा खर्च व पावाच्या बदलत्या चवीची चिंता, तर भोवतालच्या रहिवाशांपुढे श्वासाचा प्रश्न, असा हा पेच आहे. गावाकडील मोकळ्या परसात, सामायिक वापरासाठी व वाळलेल्या सरपणावर अधूनमधून तापविलेली भट्टी हाच या जुन्या साधनाचा यापुढील योग्य उपयोग ठरेल असे दिसते.