स्वमग्न मुलांची मराठी

स्वमग्न मूल बोलतच नाही, हा समज अर्धाच खरा. काही मुलं खरोखर बोलत नाहीत, काहींचे आलेले शब्दही दीड-दोन वर्षांच्या सुमारास हरवतात. पण बरीच बोलतात, फक्त वेगळं बोलतात. १९४३ साली मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं आणि ‘मी’ऐवजी ‘तू’ म्हणणं या खुणा होत्या.

मराठीत दुसरी खूण सहज निसटते, कारण ‘मी-तू’ बहुतेकदा क्रियापदाच्या शेवटात दडलेलं असतं. हिंगोली-कळमनुरीकडे “जेवायलास का?” या प्रश्नाला “जेवायलो” असं उत्तर येतं, स्वमग्न मुलगा “जेवायलास” म्हणतो. वाक्यात सर्वनामच नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं की पोरगं नक्कल करतंय. तहान लागल्यावर तो “पाणी पाहिजे का?” असंही विचारतो. ही निव्वळ पोपटपंची नव्हे; पाणी मिळताना ऐकलेलं वाक्यच तो पाणी मागायला वापरतो.

चिनी भाषांत क्रियापद ‘मी-तू’नुसार बदलत नाही. मँडरिनमध्ये आवाजाच्या चढउतारावर शब्दाचा अर्थच ठरतो, म्हणून तिथल्या अभ्यासकांचा कान सुरांकडे असतो. मराठीत सूर राग, लाड, थट्टा सांगतो, आणि नेमकं तेच काही स्वमग्न मुलांच्या बोलण्यात सपाट होतं. वाक्प्रचारही शब्दशः घेतले जातात: “डोकं खाऊ नको” म्हटलं की मूल गोंधळतं. गुरुजींना ‘तू’ म्हणणाऱ्याला उद्धट ठरवतात, तेही बहुधा अन्यायानं. उलट एखादा मोबाइलवरच्या कार्टूनची हिंदी घडाघडा बोलतो आणि हुशार ठरतो. भूक लागली हे मात्र त्याला सांगता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यात मराठीबरोबर बंजारा आणि दखनी उर्दूही बोलली जाते. अशा घरांना “एकच भाषा ठेवा” असा सल्ला सर्रास मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. घरची भाषा सोडली तर आजी-आजोबांशी होणारा संवाद मात्र तुटतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. उशिरा बोलणारं मूल तिथे दाखवता येतं. ऐकू कमी येतं का, हे आधी पाहावं लागतं. स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनपट्टीत ४० मुद्दे आहेत. शब्दांची पुनरावृत्ती आणि सर्वनामांची अदलाबदल दोन्ही त्यात येतात. दुसरा मुद्दा तपासताना ‘मी’ शोधण्यापेक्षा ‘जेवायलो’ की ‘जेवायलास’ हे ऐकणं गरजेचं. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं, म्हणून घरातल्या बोलण्याचं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण तज्ज्ञाला फार कामी येतं.

न बोलणाऱ्यांसाठी चित्रांचा आधार असतो. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’ या अ‍ॅपमध्ये चित्रावर बोट ठेवलं की मराठी वाक्य ऐकू येतं. चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचंच सोडेल, ही पालकांची धास्ती संशोधनात खरी ठरलेली नाही.