माहितीने व्यसन टळते का?
सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावी चहा, तंबाखू आणि पानटपरीवर मिळणारे उत्तेजक पेय ही तिन्ही सवयीची असली, तरी त्यांचा धोका सारखा नसतो, आणि शिक्षणाने हानी टळते का, या प्रश्नाचे उत्तर त्या फरकापासूनच शोधावे लागते. चहा-कॉफीतील कॅफिन हे थकव्याची जाणीव करून देणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या मेंदूतील द्रव्याचे काम अडवते. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागत असल्याने संध्याकाळचा कप रात्रीची झोप बिघडवू शकतो. निरोगी प्रौढास दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा अपायकारक ठरत नाही, म्हणून येथे प्रमाणाची माहितीच पुष्कळ काम करते. तंबाखूतील निकोटिन मात्र नुसत्या माहितीला असे दाद देणारे नव्हे. तरीही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1970च्या दशकाच्या अखेरीस एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर येथील सुमारे 36 हजार तंबाखूसेवकांना समक्ष सल्ला देऊन, चित्रपट व प्रदर्शनांद्वारे समजावले, तेव्हा तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडात उमटणारे पांढरे चट्टे, म्हणजे कर्करोगाची संभाव्य पूर्वखूण, कमी झाले. हा परिणाम भावनगरला तितका ठळक नव्हता. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली, आणि प्रौढांतील तंबाखूसेवन 2009-10 मधील 31.4 टक्क्यांवरून 2016-17 मध्ये 26.6 टक्क्यांवर आले. या घटीचे श्रेय एकट्या फळ्यावरच्या धड्याला देणे धाडसाचे ठरेल.