व्हॅनमधलं घर, नोकरी आणि विजेचा हिशेब

मागच्या वेळी आपण घराच्या छतावरच्या सोलरबद्दल बोलत होतो. शेवटी एका ताईंनी विचारलं, "तुम्ही अमेरिकेत वर्षभर व्हॅनमध्ये राहून नोकरी केलीत म्हणे, मग वीज कुठून आणायचात?" तेव्हा वेळ संपली होती. आज त्याच प्रश्नावर बोलू.

ही कल्पना काही आजची नाही बरं का. १९८३ साली स्टीव्हन रॉबर्ट्स नावाचा अभियंता-लेखक ओहायो राज्यातल्या कोलंबसमधलं घर सोडून निघाला, तोही सायकलवर. रेलून बसायची सायकल, तिच्यावर सोलर पॅनेल आणि सोबत रेडिओ शॅकचा मॉडेल १०० हा वहीएवढा संगणक. तो संगणक चार पेन्सिल सेलवर चालायचा. वाटेत फोन गाठायचा, संगणक जोडायचा, लेख पाठवायचा. सेकंदाला साधारण तीस अक्षरं जायची. पुढे त्याने अशी एक सायकल बांधली की वजन २६० किलोच्या आसपास आणि गिअर १०५! ती आता कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे. मला त्या पहिल्या संगणकाचा मात्र हेवा वाटतो, कारण तो वीज जवळजवळ खातच नव्हता. आपल्या कामाचं तसं नाही.

आता आकडे बघू. लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. माझा लॅपटॉप आणि जोडीचा स्क्रीन मिळून ७० वॅट, नऊ तास चालला की ६३० वॅट-तास. इंटरनेटची उपग्रह डिश साधारण ५५ वॅट, तेवढ्याच वेळाचे ५००. छोटा फ्रिज दिवसाला ५००. पंखा, दिवे, फोन धरा १५०. झाले १७८०, म्हणजे पावणेदोन युनिट. तुमच्या घरी हा आकडा कुणाच्या लक्षातही येणार नाही. स्वयंपाक मी यात धरलेलाच नाही, तो गॅसवर. इंडक्शनवर पोळ्या करायला बसलो असतो तर अर्ध्यापाऊण तासात हजार वॅट-तास गेले असते.

आता जमेची बाजू. छतावर ४०० वॅटचे पॅनेल, सपाट बसवलेले. ॲरिझोनाच्या वाळवंटात जूनमध्ये रोज आठेक तासांच्या भर उन्हाइतका प्रकाश सपाट जागेवर पडतो. तारा, उष्णता, धूळ यांत पाव भाग जातो असं धरलं तरी २४०० मिळतात. चैनच. पण डिसेंबरमध्ये सूर्य खाली उतरतो आणि तेच पॅनेल ९०० देतात. रोजची तूट जवळपास ९००. बॅटरी माझी २०० अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण २५६० वॅट-तास. पूर्ण भरलेली असली तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार!

लोक इथे म्हणतात, मोठी बॅटरी घ्या. बॅटरी वीज तयार करत नाही हो, ती फक्त तुमचा अंधार दोन दिवस पुढे ढकलते. मी पॅनेलना बिजागऱ्या लावल्या आणि ते दक्षिणेकडे तिरके उभे केले, तर ९०० चे १५०० झाले. जोडीचा स्क्रीन काढला, डिश फक्त मीटिंगपुरती चार तास लावायची ठरवली. खर्च आला १२३० वर. जमलं.

जमलं, असं मला वाटलं होतं. नोव्हेंबरात एकदा मी फ्लॅगस्टाफजवळच्या जंगलात होतो. ते गाव २१०० मीटर उंचीवर आहे. सकाळी स्वच्छ ऊन, पॅनेल लख्ख, आणि चार्जिंग शून्य. रात्री आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज माझ्या हातात होतं. बॅटरी १४ टक्के. तारा तपासल्या, फ्यूज बदलला, चार्ज कंट्रोलरला शिव्या घातल्या. मग इंजिन सुरू केलं, कारण गाडीच्या अल्टरनेटरवरूनही बॅटरी भरते. तरीही शून्य.

दोष कशातच नव्हता. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली वीज देते, पण घेऊ नये. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थंडीत हे शिरणं मंदावतं, आणि मागून येणारे आयन वरच्या वरच धातू होऊन साचतात. ते नुकसान भरून येत नाही, आतल्या आत शॉर्टसर्किटचीही भीती असते. म्हणून बॅटरीतलं रक्षक सर्किट चार्जिंग बंद करतं. व्हॅनचं काम करून देणाऱ्याने जागा वाचवायला बॅटरी फरशीच्या खाली, बाहेर टांगली होती, आणि मी, विद्युत अभियंता, त्याला "छान" म्हणालो होतो.

उपाय एकच, उतरायचं. कॅम्प व्हर्डी गाव नव्वदेक किलोमीटरवर, पण हजारेक मीटर उंचीवर. दुपारी तिथल्या उन्हात उभा राहिलो तेव्हा कुठे तीनच्या सुमाराला आकडा हलला. रिलीज झालं. नंतर बॅटरी पलंगाखाली आत आणली; कपड्यांचा खण गेला.

उन्हाळ्याचं उत्तरही उंचीच आहे. छतावरचा एसी बारा-पंधराशे वॅट मागतो, तो या पॅनेलवर दिवसभर चालवणं शक्यच नाही. म्हणून हिवाळ्यात खाली वाळवंटात, उन्हाळ्यात वर फ्लॅगस्टाफला. आपले धनगर पावसाळा संपला की कोकणात उतरतात आणि पुढच्या पावसाच्या आत घाटावर येतात, तसंच हे. फक्त त्यांना पिढ्यांचं शहाणपण असतं. तिथल्या सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारण चौदा दिवसच राहता येतं, त्यामुळे हलावं लागतंच. तेवढ्या गाडी चालवण्यातही बॅटरी थोडी भरते.

कंपनीपासून हे लपवू नका, कर कोणत्या राज्यात भरायचा हा प्रश्न त्यांचाही असतो. आणि ॲरिझोनातला बहुतेक भाग घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाही, सीमा ओलांडली की मीटिंग चुकते. माझ्या दोन चुकल्या.

फ्लॅगस्टाफनंतर मी टीमला रोज सकाळी बॅटरीचा आकडा कळवायला लागलो. तीसच्या खाली असला की त्या दिवशीचं रिलीज दुसरं कुणीतरी घ्यायचं. पहिला आठवडाभर सगळे हसले, मग आकडा आला नाही की विचारायला लागले.