भूजलातील प्रदूषणाचा शोध

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील 1984 ची वायुगळती सर्वज्ञात आहे. मात्र आवारात टाकलेल्या रासायनिक कचऱ्यामुळे माती व भूजल दूषित होणे ही स्वतंत्र समस्या असून, तिचा विस्तार ठरवण्यासाठी विविध खोलींवरील मातीचे नमुने आणि निरीक्षण विहिरी, म्हणजे केवळ भूजल तपासण्यासाठी खोदलेल्या अरुंद विंधन विहिरी, आवश्यक ठरतात. अशा विहिरीत पाणी धरणाऱ्या थराच्या पातळीवर चिरा असलेली नळी बसवून तिच्याभोवती स्वच्छ वाळू भरतात व वर पाण्याने फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचा बंद देतात, जेणेकरून वरचे दूषित पाणी नळीलगत झिरपून निष्कर्ष बिघडवणार नाही. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींच्या जलपातळीवरून भूजलप्रवाहाची दिशा कळते आणि कोणत्या वस्तीचे पिण्याचे पाणी आधी वाचवायला हवे, हे ठरवता येते.